आधी उत्तर देणारी

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा अडलं! सकाळी सूनबाई काय थाटात निघाली होती — "आज चारही हॉल एका दमात तयार करते, आई." संध्याकाळी आली ती तोंड एवढंसं करून. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? चपला कशा भिरकावल्या त्यावरूनच कळलं.

ज्या परीक्षा संस्थेत मी कॉम्प्युटर विभाग उभा केला, तिथेच आता ती. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. कंत्राटावर. मी निवृत्त झाले आणि काही महिन्यांत ती लागली. लोक म्हणतात, सासूने चिकटवली. मी! मुलाखतीच्या दिवशी मी तिला साधं "नीट जा" सुद्धा म्हटलं नव्हतं — उगाच कोणी ऐकलं तर वशिला वाटायचा.

जेवताना यांनी विचारलं, "एवढं काय असतं गं त्यात?" चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच. मी समजावलं. एका कॉम्प्युटरवर सगळं नीटनेटकं बसवायचं. त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची — तिला इमेज म्हणतात. ती सर्व्हरवर ठेवायची. मग बाकीचे कॉम्प्युटर चालू केले की ते स्वतःच्या डिस्ककडे न बघता तारेवर हाक मारतात: कोणी आहे का? माझा पत्ता काय? सुरुवात कुठून करू? सर्व्हर ओ देतो आणि इमेज पाठवतो. संध्याकाळपर्यंत सगळा हॉल एका साच्यातून काढल्यासारखा. हे म्हणाले, "अरे वा," आणि वाटी पुढे केली.

सूनबाई म्हणाली, "आई, गंमत म्हणजे एकटं मशीन लावलं की चालतं. पूर्ण हॉल लावला की निम्मी अडतात. नुसती एक ओळ दाखवतात आणि—"

"केबल बघ," मी म्हणाले.

"केबल बघितल्या."

"मग स्विच बघ."

तिने ताट पुढे ओढलं. बघितला नसणार.

परीक्षा सतरा तारखेला आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

स्विच बघितला होता म्हणे. बदललासुद्धा! मग काल का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगत होते." सांगत होती! मला तर काही ऐकू आलं नाही.

माझा जुना सर्व्हर असता तर ही वेळच आली नसती. निवृत्त होताना सगळ्यांसमोर बजावलं होतं — नवीन व्यवस्था रुळेपर्यंत त्याला हात लावू नका. दुसऱ्याच आठवड्यात संचालकांचा फोन. "मॅडम, तुमचं ते जुनं मशीन भंगारात काढलं बरं का. जागा मोकळी झाली." बरं का! जणू बारशाचं आमंत्रण देतोय.

या संचालकांना मी कोट म्हणते. बारा महिने अंगात कोट असतो, आणि आत माणूस आहे की नुसताच हँगर, याची मला कधी खात्री पटली नाही.

त्या वेळी मी दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. हे अजून त्या दोन दिवसांची आठवण काढतात, आणि चेहऱ्यावर असं समाधान!

त्यानंतर संस्थेत तारेतून इमेज टाकणं बंदच पडलं. पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे बसायचे, मतं मागत दारोदार हिंडावं तसे. यंदा नवीन मशीन आली, नवा सर्व्हर आला, तेव्हा सूनबाईनेच आग्रह धरला — "आई करायच्या तसंच करू." ते 'आई करायच्या तसंच' मला आवडलं होतं. इथे लिहून ठेवते. तिला सांगायची गरज नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज तिने प्रत्येक मशीनची सुरुवातीची सेटिंग उघडून तपासली. सगळ्यांना आधी तारेकडेच बघायला सांगितलेलं आहे. नव्या सर्व्हरवरची फाइल तपासली. आहे. परवानग्या तपासल्या. आहेत. म्हणजे डॉक्टरने जीभ बघितली, नाडी बघितली, छाती ठोकली, आणि पेशंट तरीही आडवाच!

"मशीन जुनी-नवी मिसळलीत का?"

"सगळी नवीच आहेत, आई. मला वाटतं प्रश्न मशीनचा नाहीच. ती इंग्रजीत जी ओळ येते ना, ती आपल्या सर्व्हरची—"

"इंग्रजी तू मला सांगतेस?"

उठून आत गेली. हल्लीच्या मुलींना जरा बोललेलं खपत नाही. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लाकडी पट्टी घेऊन नळापाशी उभ्या राहायच्या. पाण्याची रांग कोणी मोडली की पट्टी हवेत आणि करड्या आवाजात तीन शब्द — "वेट युवर टर्न." घसा कोरडा पडला तरी थांबायचं. त्या तीन शब्दांवर मी अख्खा विभाग चालवला. कोणी मध्येच बोललं की तेच ऐकवायचे. माझ्या पाठीमागे मला 'मदर सुपीरियर' म्हणायचे. माहीत होतं. चालवून घेतलं.

संध्याकाळी आणखी एक. चिरंजीव खोलीतून ओरडले, "माझा निळा शर्ट कुठंय?" मी स्वयंपाकघरातून सांगितलं, दोरीवर. सूनबाई तिथेच उभी. हसली आणि म्हणाली, "विचारलं मला होतं." मग द्यायचं होतंस ना उत्तर! तोंड धरलं होतं का कोणी? शिवाय शर्ट दोरीवर नव्हता, कपाटात होता. तो भाग वेगळा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कोटाने बाहेरच्या कंपनीचा एक सल्लागार आणला. सूनबाईने जेवताना नक्कल करून दाखवली. हातात लाल दिव्याची पेन्सिल, आणि ती मशीनवर रोखून म्हणे, "हे सगळं बदलावं लागेल." स्विच? "बदलावा लागेल." सर्व्हर? "बदलावा लागेल." यांनी विचारलं, "तुमच्या संचालकांवर नाही का रोखली?" सगळे हसलो. मीसुद्धा. ती नकला बऱ्या करते.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. पंधरा तारखेपर्यंत चारही हॉल तयार झाले नाहीत तर काम त्या पेन्सिलवाल्याच्या कंपनीला. आणि तिचं कंत्राट डिसेंबरपुढे नाही. झाले तर कायम.

नातीने विचारलं, "कायम म्हणजे?" तिची आई म्हणाली, "म्हणजे दरवर्षी घाबरायचं नाही."

नंतर चिरंजीव गॅलरीत फोनवर कुजबुजत होते. "दोन खोल्या चालतील… हो, शाळेपासून लांब नको." कोणासाठी रे? तर म्हणाला, एका मित्रासाठी. मित्रांना घरं शोधून द्यायला वेळ आहे, आणि आईचा चष्मा दुकानात तयार होऊन पडलाय तो आणायला नाही!

रविवार, ९ नोव्हेंबर

चष्मा अजून दुकानातच.

सोमवार, १० नोव्हेंबर

कोटाचा फोन! स्वतः केला. "मॅडम, तुम्ही जरा येऊन बघाल का? तुमच्या अनुभवाचा फायदा…" तीन वर्षांत माझ्या अनुभवाची साधी चौकशी केली नाही.

मी म्हणाले, बघते, वेळ आहे का. मग इस्त्रीची साडी काढून ठेवली.

सूनबाईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "बरं झालं," म्हणाली. "निदान तुम्ही स्वतः ती ओळ बघाल." पुन्हा ती ओळ! ओळीचंच खूळ घेतलंय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फाटकावरच्या वॉचमनने मला नाव विचारलं. मला! त्याच्या आधीच्या वॉचमनला मी नोकरीला लावलं होतं. पास लिहून दिला, वर 'पाहुणे' असा शिक्का. पाहुणे!

कोटाने केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, दार लावून घेतलं. केबिन काचेची, तेव्हा दार लावून काय झाकलं ते त्यालाच ठाऊक. म्हणाला, "मॅडम, स्पष्टच बोलतो. तुमच्या सूनबाई कष्टाळू आहेत, पण हे त्यांच्या आवाक्यातलं दिसत नाही. तुम्हीच परत का येत नाही? विभागप्रमुख म्हणून. सगळी सूत्रं तुमच्या हातात."

"आणि ती?"

"त्यांचं… बघू कुठेतरी."

कुठेतरी! माणूस आहे की जुनी खुर्ची, कुठेतरी सरकवायला? असं मी म्हणायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण काचेतून माझी खोली दिसत होती. माझं टेबल. खिडकीला मीच लावून घेतलेले पडदे, अजून तेच आहेत, फक्त धुतलेले नाहीत. टेबलावर सूनबाईची पाण्याची बाटली.

"विचार करते," म्हणाले.

घरी कोणाला सांगितलं नाही. यांनासुद्धा नाही. उद्या हॉल बघायचे आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हॉल तीन. सूनबाईने सगळी मशीन एकदम चालू केली. काळे पडदे, पांढरी अक्षरं. पहिल्या रांगेने हाक मारली, उत्तर आलं, इमेज ओतायला सुरुवात झाली. दुसरी रांग थबकली. तिसरीतली निम्मी थबकली. मी चष्मा (जुनाच, अर्थात!) नाकावर सरकवला आणि वाकून बघितलं.

वेट युवर टर्न.

ती ओळ मी लिहिली होती. माझ्या जुन्या सर्व्हरमध्ये, माझ्या हाताने. लोक अधीर होऊन बटणं दाबायचे म्हणून सिस्टरचे ते तीन शब्द टाकून दिले होते. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरला असं बोलायचं काही कारण नाही.

"हीच ती ओळ, आई," सूनबाई माझ्याकडे बघत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगायचा प्रयत्न करतेय. आपल्या सर्व्हरमध्ये ही कुठेच नाही."

"बघते," म्हणाले. हात धुवून येते म्हटलं आणि बाहेर पडले.

कॉरिडॉरच्या टोकाला बॅटऱ्यांची खोली. लोखंडी कपाटामागे वाकून बघितलं. तिथेच! जिथे मी ठेवला होता तिथेच! अंगावर धुळीची गोधडी, पण हिरवा दिवा लुकलुकतोय, पंखा घरघरतोय. वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटलेली: 'बंद करू नये.' फक्त शेजारचा मॉनिटर गायब.

मग उलगडलं, आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटी मोठ्याने हसले. या लोकांनी मॉनिटर भंगारात काढला! कोटाच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे काच. काच गेली, कॉम्प्युटर गेला. डब्याकडे कोणी बघितलंच नाही. तीन वर्षं तो बिचारा आंधळा होऊन कपाटामागे काम करत बसलाय, आणि इकडे संचालक जागा मोकळी झाल्याचं सांगत फिरतायत!

आता सगळं उघड आहे. मशीन हाक मारतं, ती दोघांनाही ऐकू जाते. दोघंही ओ देतात. जो आधी देईल त्याचं मशीन ऐकतं. एकटं मशीन असलं की नवा सर्व्हर चपळ. पण सगळा हॉल लावला की तो कामात बुडतो, आणि मग माझा म्हातारा आधी ओ देतो. त्याला दुसरं कामच काय? पण ओ दिल्यावर पुढे द्यायला त्याच्याकडे काही नाही. त्याच्याकडची इमेज जुन्या मशीनची, नव्यांना ती चालत नाही. म्हणून नुसता थांबवून ठेवतो.

एक केबल. मागची निळी केबल उपटली की संपलं.

हात पुढे केला. मागे घेतला. चिठ्ठीवरची धूळ तेवढी बोटाने पुसली.

हॉलमध्ये परत आले. सूनबाई म्हणाली, "काही कळलं?"

"विचार करावा लागेल," म्हणाले. दोन दिवसांत दुसऱ्यांदा विचार करतेय मी! यापूर्वी आयुष्यात कधी लागला नव्हता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी सांगणार होते. पण ती घाईत होती, पोळी हातात घेऊनच निघाली. घाईत असलेल्या माणसाला काय सांगायचं?

आणि खरं म्हणजे, का सांगायचं? तिला शोधू दे की. मला कोणी सांगितलं होतं? मी एकटीने शिकले, त्या काळात, बाई म्हणून, शेजारच्या टेबलावरचे पुरुष "वहिनी, हे बटण दाबा" म्हणत असताना. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला एवढं सुचायला नको? दोन जण एकाच वेळी ओ देतायत, हे आधी तपासायचं असतं. साधी गोष्ट.

नऊ दिवस ती ओळ तिच्या डोळ्यांसमोर होती.

आणि तीच ओळ ती मला सांगायला आली होती.

दुपारी नात गणित घेऊन आली. "आजी, एका टाकीत दोन नळ—" मी उत्तर सांगितलं. ती म्हणाली, "आजी, प्रश्न संपलाच नव्हता." उरलेला प्रश्न वाचून दाखवला. माझं उत्तर चुकलं होतं. चक्क चुकलं होतं! या वयात नळांनी माझी फजिती करावी?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्या पंधरा. आणि सूनबाई संध्याकाळी गुणगुणत घरात शिरली! वर केस धुऊन, नातीच्या वह्यांना कव्हरं घालत बसली. उद्या नोकरी जाणार आणि बाई कव्हरं घालतायत! मी विचारलं, "हॉलचं काय?" "बघू उद्या," म्हणाली. "तुम्हाला काही सुचलं का, आई?"

सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं.

मी म्हणाले, "सुचलं तर सांगेन."

"हो," ती म्हणाली. "सांगाल ना."

हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझं काहीतरी बिनसलंय. दोन दिवस कोणाला काही बोलली नाहीस. मला सवय नाही." चेहऱ्यावर समाधान मात्र तेच!

कोटाला उद्या उत्तर द्यायचं आहे. पडदे आधी धुवून घ्यावे लागतील. मग टेबल खिडकीकडे वळवायचं. मग तिची बाटली…

बाटली उचलून कुठे ठेवायची, इथे माझं घोडं अडतंय. कुठेतरी. 'कुठेतरी' हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला होता ते आठवलं आणि अंगावर त्याचाच कोट चढल्यासारखं झालं. शी!

शनिवार, १५ नोव्हेंबर

सांगितलं!

सकाळी, ती चहा गाळत असताना. "बॅटऱ्यांच्या खोलीत कपाटामागे माझा जुना सर्व्हर चालू आहे. तोच आधी उत्तर देतोय. ती ओळ माझी आहे. मला बुधवारपासून माहीत आहे." एका श्वासात. वाटलं होतं, भांडं आपटेल. ओरडेल. चिरंजीवाने कप खाली ठेवला, बायकोकडे बघितलं. ती एक घोट प्यायली. म्हणाली, "बरं. चला मग."

एवढंच! मी तीन दिवस तोंड शिवून घेतलं होतं, आणि बाईसाहेब "बरं"!

गेलो दोघी. कपाट सरकवलं. बुधवारी मी धुळीत एकच बोट उमटवलं होतं, आज मागच्या बाजूला हाताचे चांगले ठसे होते आणि निळी केबल पुसल्यासारखी स्वच्छ. शिपायाला कधी नाही ते झाडायची बुद्धी झाली असेल. सूनबाई बाजूला झाली. "तुमचं आहे. तुम्हीच काढा."

मी केबल उपटली. मग बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला. इतकी वर्षं तो आवाज माझ्या कानात होता, थांबल्यावर लक्षात आलं. मला वाटतं मी "दमलास ना रे" असं काहीतरी म्हणाले. सूनबाई दाराबाहेर बघत होती.

मग हॉल चार. सगळी मशीन एकदम! एकही अडलं नाही. रांगच्या रांग एका चालीत, पट्ट्या भरत चालल्या, शेवटच्या खुर्चीपर्यंत. आहाहा! मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. तिला म्हटलं, "बघ, एवढं सोपं होतं!" ती म्हणाली, "हो, आई." बाकीचे तीन हॉल मी लावते, तुम्ही दमलात, असं म्हणून मला टॅक्सीत बसवून दिलं. तासाभरात तीही घरी! इतक्या लवकर तीन हॉल? मी दाखवलं तसं केलं की होतं हे असं.

निघण्याआधी कोटाच्या केबिनमध्ये डोकावले. उभ्याउभ्याच सांगितलं: "खुर्ची रिकामी नाही. आणि तुमच्या संस्थेने तीन वर्षांपूर्वी मॉनिटर भंगारात काढला, कॉम्प्युटर नव्हे. फरक कळत नसेल तर माझ्या सुनेला विचारा." काय चेहरा झाला! फोटो काढून ठेवायला हवा होता.

रविवार, १६ नोव्हेंबर

फार हलकं वाटतंय. मोठं मन लागतं हो अशा गोष्टींना. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती.

चिरंजीवाने चष्मा आणला! आज एकदम वेळ कसा मिळाला? तर म्हणाला, "एका ठिकाणी जायचं होतं, ते रद्द झालं."

नव्या चष्म्यातून घर भलतंच धुळकट दिसतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

परीक्षा पार पडली. एकही मशीन अडलं नाही. सूनबाई कायम. संध्याकाळी जुना सर्व्हर घरी आणायला म्हणून संस्थेत गेले होते. जाताजाता हॉल एकमध्ये सवयीने एका मशीनवर इमेज टाकल्याची तारीख बघितली. गुरुवार, तेरा. दुसरं बघितलं. गुरुवार. हॉल दोन, गुरुवार. हॉल तीन, शुक्रवार. फक्त हॉल चार शनिवारी.

मी सांगितलं शनिवारी.

सूनबाई दारात उभी होती. "बुधवारी तुम्ही त्या ओळीकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलंत, आई. मग मी शोधलं."

"आणि शनिवारी ती केबल?"

"सकाळी परत लावायला शिपायाला फोन केला होता. चहाच्या आधीच."

"अगं, पण कशासाठी?"

"संचालकसरांनी मंगळवारीच सांगितलं होतं, तुम्हाला काय विचारलं ते. तुम्ही 'विचार करते' म्हणालात, तेही. तुम्ही स्वतः सांगताय का ते बघायला मी रविवारपर्यंत थांबणार होते. रविवारी आम्ही घर बघायला जाणार होतो. दोन खोल्या."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नेहमीसारखंच.

पण तिचं अजून संपलं नव्हतं. मी थांबले.